कागद बघून रंग घ्या: मोठ्यांच्या रंगभरणासाठी पुस्तक आणि साहित्य कसं निवडावं

रंगभरणाचं पुस्तक घेताना नजर आधी चित्रांवर जाते आणि रंग घेताना डब्यावरच्या आकड्यावर: ४८, ७२, १२०. मग घरी येऊन पहिल्याच पानावर मार्कर फिरवला की शाई मागच्या चित्रात उतरते. किंवा चांगल्यातल्या पेन्सिलीने दोन थर दिले की तिसरा बसतच नाही, नुसता घसरतो. अशा वेळी दोष रंगांचा नसतो आणि हाताचाही नसतो. कागद आणि रंग यांची जोडी चुकलेली असते. म्हणून आधी कागद ओळखायचा आणि मग त्याला मानवतील असे रंग घ्यायचे. रंग आधीपासून घरात असतील तर त्यांना साजेसा कागद शोधायचा. जोडी जुळते की नाही हे बघितल्याशिवाय मोठ्या डब्यावर पैसे घालू नका.

पुस्तकाचा कागद

कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढाच त्याचा अर्थ. ऑफिसातल्या प्रिंटरचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि रंगभरणाची बरीच स्वस्त पुस्तकं याच्या आसपासच्या कागदावर छापलेली असतात. नुसत्या रंगपेन्सिली वापरणार असाल तर १०० ते १२० जीएसएम पुरतो. १२० ते १५० असेल तर पाण्याच्या शाईचे मार्करही बेताने चालवता येतात. अल्कोहोल मार्करची शाई मात्र २०० जीएसएमच्या कागदातूनही पलीकडे दिसू शकते, कारण ती कागदाच्या तंतूंमध्ये झटकन शिरते आणि आरपार जाते. जलरंगी पेन्सिलीवर ओला ब्रश फिरवायचा असेल तर २०० च्या खाली जाऊ नका. जलरंगाचा कागद साधारणपणे ३०० जीएसएमचा घेतात तो याचसाठी, की पाणी पडल्यावर तो फुगून त्याला लाटा येऊ नयेत.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे कागदाचा पोत. पानाच्या कोऱ्या भागावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. पेन्सिलीचा रंग कागदाच्या बारीक खाचांमध्ये अडकून राहतो. खाचा भरल्या की पुढचा थर धरायला जागाच उरत नाही. त्यामुळे काचेसारखा गुळगुळीत कागद पेन्सिलीला दोन-तीन थरांतच नकार देतो. फार खरबरीत असेल तर रंग भरल्यावर मध्येमध्ये पांढरे ठिपके राहतात आणि बारीक नक्षीत टोक अडखळतं. अगदी किंचित खर जाणवते असा कागद पेन्सिलीला उत्तम. मार्कर आणि जेल पेनला उलट गुळगुळीत कागद हवा: शाई सारखी पसरते, निब झिजत नाही. मासिकांसारखा चकचकीत लेप दिलेला कागद मात्र कुणाच्याच कामाचा नाही. त्यावर शाई बराच वेळ ओली राहते आणि पेन्सिल धरत नाही.

पुस्तक हातात असेल तर दोन चाचण्या करा. एक पान उचलून उजेडाकडे धरा. मागच्या पानावरच्या रेषा स्पष्ट मोजता येत असतील तर तो कागद फक्त पेन्सिलीचा. दुसरी चाचणी घरी आणल्यावरची: शेवटचं पान, किंवा मुखपृष्ठानंतरचं नाव लिहिण्याचं पान, चाचणीला राखून ठेवा. ज्या-ज्या साधनाने रंग भरणार आहात त्याचा एक-एक सेंटीमीटरचा चौकोन भरा. मार्करने दोन थर द्या आणि मग एका जागी टोक टेकवून पाच सेकंद तसंच ठेवा. ठिपका किती पसरतो, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फुटतात का आणि मागे किती उतरतो, हे सगळं तिथेच कळतं. जेल पेनने एक रेघ मारून दहा, वीस आणि तीस सेकंदांनी बोट फिरवून बघा. सुकायला किती वेळ लागतो याचा अंदाज पुढच्या प्रत्येक पानाला उपयोगी पडतो.

ऑनलाइन घेताना जीएसएमचा आकडा दिलेला नसेल तर कागद पातळच आहे असं धरून चाला. ज्यांनी चांगला कागद घातला आहे ते सहसा तो सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

छपाई, बांधणी, रेषा

मार्कर वापरायचे असतील तर पान एकाच बाजूला छापलेलंच हवं. यात तडजोड नको. दोन्ही बाजूंना चित्र असेल तर एक रंगवताना दुसरं जातंच. मागची बाजू पूर्ण काळी छापून शाई लपवणारी पुस्तकंही मिळतात. डाग दिसत नाहीत हे खरं, पण शाई तिथेही खालच्या पानावर जाऊ शकते, तेव्हा मध्ये आडोसा लागतोच.

बांधणीकडे फार कमी लोक बघतात आणि नंतर तिचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. गोंदाने पाठ चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही. मधल्या घडीत गेलेल्या चित्रापर्यंत पेन्सिल सरळ पोचत नाही, मनगट उंचावर लटकतं आणि रंग तिथेच असमान बसतो. पुस्तक जोरात दाबून सपाट केलं तर पाठ तडकते आणि पानं सुटायला लागतात. स्पायरल बांधणी सपाट उघडते, पान मागे वळवता येतं. मात्र डावखुऱ्यांच्या हाताला तार मध्ये येते, त्यांनी वरच्या कडेला स्पायरल असलेलं पुस्तक बघावं. सगळ्यात सोयीची पानं म्हणजे कडेला भोकांची रांग असलेली, फाडून काढता येणारी. फाडण्याआधी भोकांच्या रांगेवर घडी घालून ती पुढे-मागे दोनदा दाबा. एकदम ओढलं की चित्राचा कोपरा सोबत येतो.

आता चित्रं. सगळ्यात छोट्या खणाकडे बघा, मोठ्या फुलाकडे नाही. नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर पडते आणि काही ओढींतच जाड होते. ब्रशटोकाच्या मार्करची रेघ हात हलका असूनही एक-दीड मिलिमीटर जाते. चित्रात दोन मिलिमीटरपेक्षा लहान खण भरपूर असतील तर ते पुस्तक बारीक फायबर पेनचं किंवा कडक शिशाच्या पेन्सिलीचं आहे. जवळचं बघायला चष्मा लागत असेल, बोटं आखडत असतील किंवा हात थरथरत असेल तर ठसठशीत रेषांची, मोठ्या खणांची पुस्तकं घ्या. त्यात कमीपणा काही नाही. उलट छटा द्यायला, दोन रंग एकमेकांत विरघळवायला मोठ्या खणातच वाव मिळतो.

मन शांत व्हावं म्हणून रंग भरणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मंडल, म्हणजे वर्तुळात बांधलेली नक्षी, किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाने रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. बांधीव, पुन्हा पुन्हा येणारी आकृती समोर असली की पुढे काय करायचं याचा विचार करावा लागत नाही. तेव्हा दमल्यावर बसणार असाल तर मंडल, वेलबुट्टी किंवा भौमितिक नक्षी घ्या आणि रंगांशी खेळायचा हुरूप असेल तर निसर्गदृश्य, प्राणी, माणसं घ्या. करड्या छटांत छापलेली चित्रंही मिळतात. त्यात सावल्या आधीच दिलेल्या असतात, वरून पातळ थर दिला की उठाव आपोआप येतो. शिकण्यासाठी ती फार चांगली, फक्त छपाई फिकट करडी असावी. गडद करड्यावर पिवळा मळकट दिसतो आणि गुलाबी राखाडी.

चित्र स्वतः छापून घेण्यात एक मोठा फायदा आहे: कागद तुमच्या मनाचा. घरातले बरेच प्रिंटर १६० ते २०० जीएसएमचा कागद घेतात, आपल्या प्रिंटरची मर्यादा माहितीपत्रकात बघून घ्या. इंकजेटची काळी शाई अनेकदा पाण्याने विरघळते, त्यामुळे जलरंग किंवा पाण्याचा मार्कर फिरवला की रेषा ओघळतात आणि पिवळ्याचा शेवाळी होतो. लेझर प्रिंट पाण्याला दाद देत नाही. कॉपिक हे अल्कोहोल मार्कर १९८७ मध्ये जपानमध्ये बाजारात आले ते झेरॉक्स आणि लेझर प्रिंटच्या टोनरची, म्हणजे शाईच्या कोरड्या पुडीची, रेषा न विरघळवणारी शाई घेऊनच. तरी एका कोपऱ्यात चाचणी घ्या, सगळ्याच कंपन्यांच्या शाया सारख्या नसतात.

रंगपेन्सिली

एकच साधन घ्यायचं तर रंगपेन्सिली घ्या. बहुतेक कागदांवर चालतात, मागे उतरत नाहीत, चूक बऱ्यापैकी पुसता येते आणि मध्येच उठावं लागलं तरी काही वाळत नाही.

शिशात रंगद्रव्य धरून ठेवायला मुख्यतः मेण किंवा तेल वापरतात आणि सगळा स्वभाव त्यावरून ठरतो. मेणाचं शिसं मऊ. रंग दाट उतरतो, दोन रंग लोण्यासारखे मिसळतात, मोठे खण पटकन भरतात. प्रिझ्माकलर प्रीमियर हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पण टोक लवकर बोथट होतं, शिसं मोडतं आणि काही दिवसांनी गडद भागावर धुक्यासारखा पांढरट थर येतो. ते मेण पृष्ठभागावर आलेलं असतं, बुरशी नव्हे. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जातं. तेलाचं शिसं कडक, टोक जास्त टिकतं, बारीक नक्षीत नेमकी रेघ देतं, पांढरट थर येत नाही. थर मात्र सावकाश चढतात. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस पेन्सिली या प्रकारातल्या. हे नाव १९०८ पासून चालत आलं आहे, रंग १२० आणि शिसं ३.८ मिलिमीटरचं. बारीक मंडलांचं पुस्तक असेल तर तेलाचं, मोठ्या फुलापानांचं असेल तर मेणाचं, असा साधा हिशेब ठेवा. दोन्ही एकाच पानावर चालतात: खाली तेलाचे थर आणि वर मेणाचे, या क्रमाने जास्त चांगले बसतात.

डबा घेताना पेन्सिलींची मागची टोकं बघा. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यावर हवं. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनर एका बाजूचं लाकूड जास्त खातो, दुसरीकडे लाकडाची जीभ राहते आणि शिसं आधाराविना तुटतं. पेन्सिल जमिनीवर पडू देऊ नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आत शिशाचे तुकडे झालेले असतात आणि पुढे टोक करताना एकेक गळून पडतो. नव्या पेन्सिलींची टोकं एकसारखी मोडत असतील तर आधी शार्पनरचं पातं बदला. बोथट पातं लाकूड कापत नाही, पिळतं. टोक करताना पेन्सिल घट्ट धरून शार्पनर सावकाश फिरवा. मऊ शिशाला फार लांब, सुईसारखं टोक करू नका.

किती रंग घ्यावेत? बारा कमी पडतात, कारण त्यात मधल्या छटा नसतात आणि प्रत्येक पान शाळेच्या तक्त्यासारखं भडक दिसतं. सुरुवातीला २४ ते ३६ पुरे. पण त्यात काय आहे ते वाचा: प्रत्येक मुख्य रंगाची एक फिकट आणि एक गडद छटा, दोन तपकिरी, दोन करडे, एक खूप गडद निळा, एक साईचा रंग आणि पांढरा. चांगल्या प्रतीचे २४ रंग सामान्य प्रतीच्या १२० पेक्षा कधीही सरस, कारण सामान्य पेन्सिलीत रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त असते. कितीही दाबलं तरी रंग फिकाच राहतो आणि हात दुखतो तो वेगळा. सुटी पेन्सिल मिळते का हेही विचारा. साईचा आणि पांढरा रंग सगळ्यांच्या आधी संपतात, तेवढ्यासाठी अख्खा डबा पुन्हा घेणं परवडत नाही.

डबा आणल्यावर पहिलं काम रंगतक्त्याचं. पुस्तकाच्याच कागदावर प्रत्येक पेन्सिलीचा चौकोन भरा, डावीकडे दाबून आणि उजवीकडे हलका, खाली नाव किंवा क्रमांक. पेन्सिलीच्या दांड्यावरचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग यांत, विशेषतः जांभळ्या आणि गडद निळ्यात, चांगलाच फरक असतो.

एक पान, सहा पायऱ्या

पेन्सिलीचं सगळं कसब हलक्या हातात आहे. एका पानावर, म्हणजे वेलीच्या हिरव्या पानावर, ते करून बघा. पेन्सिल टोकापासून चार-पाच सेंटीमीटर मागे धरा, म्हणजे इच्छा असूनही जोर देता येत नाही.

१. पिवळसर हिरव्याने पूर्ण पान भरा. रेघा ओढू नका, खसखशीएवढी वर्तुळं काढत पुढे सरका. कागदाचा पांढरेपणा मधून दिसला पाहिजे.

२. मध्यम हिरव्याने मधल्या शिरेपासून बाहेरच्या बाजूला दोन तृतीयांश भाग. कडेकडे जाताना हात आणखी हलका.

३. गडद निळ्याने फक्त शिरेलगत आणि जिथे हे पान दुसऱ्या पानाखाली जातं तिथे, दोन-तीन मिलिमीटरची पट्टी. इथे काळा घेण्याचा मोह होतो. काळ्याने हिरवा मरतो, निळ्याने खोल होतो.

४. मध्यम हिरवा पुन्हा, निळ्याच्या कडेवरून, म्हणजे सांधा दिसत नाही.

५. पिवळसर हिरवा सगळ्यावरून एकदा.

६. शेवटी साईच्या रंगाने जोर देऊन पूर्ण पान घासा. कागदाच्या उरलेल्या खाचा भरतात, रंग एकजीव होतात, पान तुकतुकीत दिसतं.

सहावी पायरी झाली की विषय संपला: त्यावर नवीन थर धरत नाही. म्हणून पाचव्या पायरीनंतर वही हातभर लांब धरून बघा, सावली कमी वाटली तर तेव्हाच वाढवा. पहिल्याच थराला जोर दिला तर खाचा तिथेच भरतात आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. ८० जीएसएमच्या गुळगुळीत पानावर एवढे थर बसणार नाहीत. तिथे पायऱ्या एक, तीन आणि सहा एवढंच करा.

रंग मिसळायला रंगहीन ब्लेंडर पेन्सिल सगळ्यात सोपी आणि सुरक्षित. गंधहीन मिनरल स्पिरिटने, म्हणजे तैलरंग पातळ करायच्या द्रवाने, मेण आणि तेल विरघळून रंग जलरंगासारखा सपाट होतो. ब्रश त्यात बुडवून कापडावर टिपा, जवळजवळ कोरडा झाल्यावर फिकट भागाकडून गडद भागाकडे फिरवा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. वास नसला तरी वाफ असतेच, खिडकी उघडी ठेवा, ज्योतीजवळ नको, डबी झाकलेली हवी. बेबी ऑइलचा उपाय बराच सांगितला जातो, पण ते उडून जात नाही. पानात मुरतं, मागच्या बाजूला तेलकट डाग उमटतो. पुस्तकाच्या पानावर ते वापरू नये.

रंगाची भुकटी पानावर पडते ती हाताने झटकू नका, फुंकूही नका. हाताने ती आकाशाच्या कोऱ्या भागात चोळली जाते आणि फुंकरीबरोबर थुंकीचा शिंतोडा जातो. मऊ रुंद ब्रशने झाडा. मनगटाखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. उजव्या हाताने रंगवत असाल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा, डावखुरे असाल तर उजव्या. खोडायला आधी मळलेल्या कणकेसारखा मऊ खोडरबर टेकवून रंग उचला, मग साध्या रबराने पुसा. थेट घासलं की रंग खाचांत आणखी खोल जातो.

मार्कर

पाण्याच्या शाईचे आणि अल्कोहोलच्या शाईचे मार्कर दुकानात शेजारी-शेजारी असतात, पण वागणूक वेगळी. पाण्याची शाई कागदावर सावकाश वाळते, मागे कमी उतरते. पण ओल्या जागेवरून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घासलं की कागदाच्या गोळ्या निघायला लागतात. एक थर, पूर्ण सुकू द्या, मगच दुसरा. दोन ओढी जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद पट्टा दिसतो तो घालवायचा तर छोटा भाग घ्या आणि कड ओली असतानाच पुढची ओढ तिला जोडा.

अल्कोहोल मार्करमध्ये पट्टे राहत नाहीत, छटा एकमेकींत सुंदर विरघळतात. म्हणूनच लोक त्यांच्या प्रेमात पडतात. पण पुस्तकातून ते आरपार जातात हे गृहीतच धरा. पान फाडून वेगळं करा आणि खाली जाड कागद किंवा दोन साधे कागद ठेवा. पान पुस्तकातच रंगवायचं असेल तर खालच्या पानावर प्लॅस्टिकची पारदर्शक शीट घाला आणि रंगवून झाल्यावर पुसून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तोच ओला डाग दुसऱ्या पानाच्या पाठीला लागतो. शाई टोक उचलल्यावरही पसरत राहते, त्यामुळे रेषेपासून एक मिलिमीटर आत थांबा. उरलेली जागा ती स्वतःच भरते. एका रंगाच्या तीन छटा घ्या: फिकट, मध्यम, गडद. फिकट सगळीकडे, तो ओला असताना गडद कोपऱ्यात, मध्यमने सांधा आणि शेवटी पुन्हा फिकट. डबा घेताना म्हणूनच सुटे-सुटे भडक रंग असलेला नको, एकाच रंगाच्या चढत्या छटा असलेला घ्या. एका टोकाला ब्रशसारखी लवचीक निब आणि दुसऱ्या टोकाला तासणीसारखी चपटी, अशी जोडी पुस्तकाला सोयीची.

मार्करच्या शाया बऱ्याचदा डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाच्या, असतात आणि डाय उन्हात उडतो, गुलाबी आणि जांभळा सगळ्यात आधी. पान भिंतीवर लावायचं असेल तर ते स्कॅन करून त्याची प्रत लावा. पेन्सिलींचा रंग उजेडात किती टिकतो यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी ६९०१ हे मानक आहे. कॅरन दाशच्या ल्युमिनन्स आणि डरवेंटच्या लाइटफास्ट या मालिका रंग टिकावेत म्हणूनच बनवलेल्या आहेत. मिटलेल्या पुस्तकात राहणाऱ्या चित्रासाठी मात्र एवढा खर्च करायची गरज नाही.

जेल पेन, बारीक पेन आणि पांढरा ठिपका

जेल पेनने पूर्ण पान रंगवू नका: शाई झपाट्याने संपते आणि ओला रंग हाताला लागतो. दवबिंदू, डोळ्यातली चमक, दागिन्याची कड, पंखावरचे ठिपके यासाठी ते ठेवा. साकुराचे जेली रोल पेन, जे १९८४ पासून आहेत, आणि त्यांच्यासारखे पांढरे पेन या कामाला छान. मेणाच्या दाट थरावर जेल पेनचा गोळा गुळगुळीत घसरतो आणि मेण अडकून शाई बंद होते. तसं झालं तर टोक रद्दी कागदावर गोल-गोल फिरवा, तरीही नाही सुटलं तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा. मेणावर पांढरा ठसठशीत हवा असेल तर जेलऐवजी पोस्कासारखा पेंट मार्कर जास्त भरवशाचा. बारीक फायबर पेन ०.३ ते ०.४ मिलिमीटरचे घ्या. दोन मिलिमीटरच्या खणांत तेच खरे कामाचे. त्यांची निब दाबल्याने आत बसते, पेन उभा धरून हलकेच चालवा.

एकाच पानावर सगळं वापरायचं असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी मार्करचा सपाट थर, तो वाळल्यावर पेन्सिलीची सावली, शेवटी जेल किंवा पेंट पेनचे ठिपके. आधी पेन्सिल आणि वरून मार्कर केलं तर मेण निबवर चिकटतं आणि मार्कर कायमचा मळतो. मार्करवर पेन्सिल हा जोड इतका चांगला बसतो की तेवीस-चोवीस पेन्सिली आणि दहा-बारा मार्कर असले तरी शंभर रंगांचं काम होतं.

बाकी साहित्यात फार काही लागत नाही. धातूचा शार्पनर आणि त्याची सुटी पाती, मऊ खोडरबर, रुंद ब्रश, पुस्तकाखाली धरायला कडक पाटी आणि उजेड. उजव्या हाताने रंगवणाऱ्याच्या डावीकडून येणारा उजेड हवा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. पिवळ्या दिव्याखाली फिकट पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात आणि निळा हिरवट वाटतो. दिवा दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, म्हणजे ५००० ते ६५०० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा घ्या.

काम झाल्यावर दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवा. उभे ठेवले की वरची निब कोरडी आणि खालची गळकी होते. जेल पेन आडवे किंवा टोक खाली. पेन्सिलींचा डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, मेणाचं शिसं मऊ होऊन लाकडातून सैल होतं. भरलेल्या पानांच्या मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पुस्तक मिटल्यावर दाट रंग समोरच्या पानावर घासला जातो. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणारा, फवारा द्यायचा तर पान फाडून, उघड्या हवेत, ३० सेंटीमीटरवरून दोन पातळ थर द्या आणि दोन्हींच्या मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकदम ओला फवारा मारला की मार्करचा रंग रेषेबाहेर पळतो, तेव्हा मार्कर असलेल्या पानावर आधी कोपऱ्यात करून बघा.